तकदीर नाही, टाकी फुटली

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या एका गॅरेजात एक सोळा वर्षांचा पोरगा जळून गेला. जुन्या कारची पेट्रोलची टाकी खोलून ठेवलेली होती. उस्ताद म्हणाले, "खाली है, काट दे." पोराने गॅस कटर लावला आणि टाकी बॉम्बसारखी फुटली. मैयतीला आलेला प्रत्येक जण एकच बोलत होता, "अल्लाह की मर्जी. इतनीच लिखी थी."

मी तेव्हा गप्प बसलो. ती माझी चूक होती. आज बोलतो.

टाकी रिकामी नव्हती. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, हे आपल्या किती उस्तादांना माहीत आहे? जळतं ते पातळ पेट्रोल नाही, त्याची वाफ जळते. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एक ठिणगी पुरते. गच्च भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकामीत तळाशी चार थेंब राहतात आणि वरची सगळी पोकळी वाफ आणि हवेने भरते. शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ निघते, मग आपल्या मे महिन्याचं काय सांगावं! शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीवरून सरकते आणि गाडीखालच्या खड्ड्यात साचते. तिथे हेल्पर हातदिवा घेऊन उतरतो, बल्ब फुटतो, बास.

यात तकदीर कुठे आली? हे साधं विज्ञान आहे, आणि ते हिंदू-मुसलमान बघत नाही.

तकदीरवाल्यांना मी दीनचीच गोष्ट आठवण करून देतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं, मग भरवसा ठेवायला. झोपताना घरातली आग विझवा, ही ताकीदही त्यांचीच. जुम्म्याच्या बयानात पायजम्याच्या लांबीवर अर्धा तास बोललं जातं. ज्या मोहल्ल्यात निम्मी घरं गॅरेज आणि भंगारावर जगतात, तिथे टाकी कशी कापू नये यावर पाच मिनिटं का मिळू नयेत?

आता दुसरी बाजू. सरकार आपल्या दारात येतं ते आग लागल्यावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये मानखुर्दच्या मंडाळ्यात भंगार गोदामांना मोठी आग लागली. पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडीतली गोदामं पुन्हा पुन्हा पेटली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने बुलडोझर लावून हजारो बांधकामं पाडली. पाडल्याने भंगार संपत नाही. ते पुढच्या गल्लीत जातं, आणखी अंधाऱ्या, आणखी अरुंद. गाड्या मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. चांगलं केलं. पण त्यासाठी लागणारी जागा आणि भांडवल पत्र्याच्या शेडवाल्याने आणायचं कुठून? स्फोटकांच्या आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षेचं देशातलं मुख्य कार्यालय, पेसो, आपल्याच नागपुरात आहे. त्यांचा माणूस आमच्या शेडपर्यंत आलेला मी पाहिलेला नाही.

आणि धोका वाढतोच आहे. सीएनजीची टाकी पूर्ण भरली की आत सुमारे २०० बार दाब असतो. दर तीन वर्षांनी तिची चाचणी व्हायला हवी. भंगारात येणाऱ्या गाडीची कधी झाली, कोण विचारतो? एअरबॅगमध्ये बारूदच असतं. बॅटरी न काढता डॅशबोर्ड ठोकला तर ती तोंडावर फुटू शकते. इलेक्ट्रिक गाडीची लिथियम बॅटरी विझली असं वाटून पुन्हा पेटते. आपली पोरं हे सगळं हातोडा आणि छिन्नीने उघडतात.

"पंक्चरवाले" म्हणून आपल्याला हिणवलं जातं. मला या कामाची लाज नाही. ज्यांची गाडी रस्त्यात बंद पडते ते आमच्याच पोरांना हाक मारतात. पण इज्जत हवी असेल तर हुनर पूर्ण हवं. स्वतःच्या शागिर्दाला जिवंत ठेवता येत नाही तो कसला उस्ताद?

म्हणून मागणं थोडं आहे. टाकीला गॅस कटर लावायचा नाही, म्हणजे नाही. गाडी कापण्याआधी बॅटरी सोडवा, पेट्रोल उघड्या हवेत, झाकणाच्या डब्यात काढा आणि टाकी उतरवून लांब ठेवा. सीएनजीची टाकी जाणकाराकडून रिकामी केल्याशिवाय हात लावू नका. थिनर आणि तेलाच्या चिंध्या वेल्डिंगच्या कोपऱ्यात नकोत. ड्राय पावडरचं अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या दाराजवळ ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पसरते. आणि अठरा वर्षांखालच्या पोराला या कामातून बाहेर काढा. ज्वलनशील पदार्थांच्या कामात त्याला जुंपणं हा २०१६ पासून कायद्याने गुन्हा आहे. "घरची गरिबी आहे" ही सबब त्याच्या आईला कबरस्तानाच्या दारात ऐकवून बघा.

एका अग्निशामकाची किंमत एका जुन्या टायरच्या जोडीपेक्षा फार नाही. महापालिकेला माझं सांगणं, बुलडोझरच्या आधी अग्निशमन दलाचा एक माणूस महिन्यातून एकदा पाठवा, शिकवायला. आणि मशिदीच्या कमिट्यांना सांगणं, त्या माणसाला जुम्म्यानंतर माइक द्या.

त्या पोराच्या उस्तादांनी दुकान बंद केलं नाही. परवा तिथून गेलो, तर शेडमध्ये नवा पोरगा होता. चौदाचा असेल. हातात गॅस कटर होता.