वाड्यातील शस्त्रे विकायची, तर कोणाला?

दसऱ्याच्या दिवशी अमळनेर तालुक्यातील एका जुन्या वाड्यात शस्त्रपूजनाला जाण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. माजघरात पाट मांडतात, त्यावर तांबडे वस्त्र अंथरतात आणि घराण्याची शस्त्रे ओळीने ठेवतात. दोन तलवारी, एक पट्टा, मुठीवरची चांदी झिजलेली कट्यार आणि तोड्याची एक लांब नळीची बंदूक. शेजारी आजोबांनी घेतलेली बारा बोरची दुनळी आणि वडिलांची रायफल. या दोन्हींचा परवाना आता घरातील वडीलधाऱ्या आप्पांच्या नावे आहे. गेल्या दसऱ्याला पूजा आटोपल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "भाऊ, पुढच्या वर्षी ही पूजा होईलच असे नाही. मुले म्हणतात, विकून टाका. एक माणूस पाहून गेला. सगळ्याचे मिळून रोख देतो म्हणाला. कागदपत्रांची भानगड नको, असेही म्हणाला."

आप्पांची मुले नोकरीनिमित्त दूर गेली आहेत, वाड्याची माडी कोसळू लागली आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील कितीतरी देशमुखी, पाटीलकीच्या घरांत आज हाच प्रश्न उभा आहे. पूर्वजांची शस्त्रे विकणे हे पाप, असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण अडगळीत गंजत पडलेली तलवार म्हणजे पूर्वजांचा सन्मान नव्हे. खरा प्रश्न विकावे की न विकावे हा नसून कोणाला आणि कोणत्या मार्गाने विकावे, हा आहे.

ही शस्त्रे घरात उरली, हेच मुळी एक आश्चर्य आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्ल वीर इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत त्यांनी रक्त सांडले. त्यानंतर इंग्रजांनी या देशाला निःशस्त्र करण्याचा चंगच बांधला. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने शस्त्रकायदा आणला. त्यातून युरोपियनांना सूट होती, मात्र या भूमीच्या पुत्राला स्वतःच्या घरातील बंदुकीसाठी परवाना मागावा लागला. अनेकांनी शस्त्रे सरकारजमा केली, काहींनी विहिरीत टाकली, काहींनी भिंतीत चिणली. त्यातून जे वाचले ते आज माजघरातील पाटावर आहे. त्याची किंमत लोखंडाच्या वजनावर कशी ठरेल?

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो विक्रीला मनाई करीत नाही. ती उजेडात व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. खाजगी वापरासाठी कायदेशीररीत्या बाळगलेली बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकता येते. त्यासाठी आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याकडे त्या शस्त्राचा परवाना हवा, हे ओघानेच आले. ज्याला असा ग्राहक शोधणे शक्य नाही, त्याने परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जावे. भाव थोडा कमी मिळेल, पण रात्रीची झोप शाबूत राहील.

परवानाधारक वारला, तर त्याची बंदूक कपाटात ठेवून देणे हा गुन्हा ठरू शकतो, याची जाणीव अनेक सुशिक्षित घरांतही नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी. विहित मुदतीत वारसांना ती विकता येते. मुदत टळली की ती सरकारजमा होते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकाही त्या मर्यादेत बसवल्या. म्हणून ज्या घरी वडिलांच्या आणि काकांच्या मिळून तीन-चार बंदुका एकाच वारसाकडे येणार आहेत, त्यांनी आजच विचार करावा. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. आप्पांनी सत्तरी केव्हाच ओलांडली आहे. मुलांपैकी एकाला जरी गावी शेती राखायची असेल, तरी हा मार्ग मोकळा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी रानडुकरांपासून पीक वाचविणाऱ्या शेतकऱ्याला दुनळीचे मोल सांगावे लागत नाही.

"कागदपत्रांची भानगड नको" म्हणणाऱ्या त्या गृहस्थाचे काय? चोपड्यापलीकडे, मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी वर्षानुवर्षे पोलिसांच्या नोंदीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईसाठी गेलेल्या जळगाव जिल्ह्यातील पोलीस अधिकाऱ्याचेच अपहरण झाले होते. अवैध शस्त्रांचा असा बाजार उंबरठ्यावर असताना विनाकागद दिलेली बंदूक उद्या कोणाच्या हाती जाईल, हे कोण सांगणार? गुन्ह्यात ती सापडली, तर नळीवरील क्रमांकावरून पोलीस पहिल्यांदा आप्पांचेच दार ठोठावतील. ज्या शस्त्राची आपण पूजा केली, त्याने एखाद्या निरपराध माणसाचा जीव घ्यावा, याहून मोठी विटंबना कोणती?

तलवारी, कट्यार आणि तोड्याची बंदूक यांचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. जी जुनी बंदूक दुरुस्तीनेही चालणार नाही, तिला शस्त्रकायद्यातून सूट आहे. पण ती चालणार नाही हे आपण घरबसल्या ठरवू नये, अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संग्रह फोडून विकू नये. सनदा, जुने परवाने, वंशावळ आणि शस्त्रे एकत्र राहिली, तरच तो इतिहास असतो. कागद वेगळे झाले की उरतो तो केवळ धातू.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजीराजे भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. पात्यावर सोन्याने देवनागरीत कोरलेले त्यांचे नाव वाचून प्रत्येक मराठी मन हेलावले. त्याआधी जुलै २०२४ मध्ये वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर लंडनहून आली. या दोन्ही गोष्टींचा अभिमान आहेच. पण गेलेले परत आणण्यासाठी लाखो रुपये मोजणाऱ्या शासनाने जे अद्याप गेलेले नाही, ते राखण्यासाठी काही हजार का मोजू नयेत?

यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात. जुनी शस्त्रे विकू इच्छिणाऱ्या कुटुंबाकडून ती रास्त भावाने घेण्याची पहिली संधी राज्याच्या पुरातत्त्व खात्याने स्वतःकडे घ्यावी व त्यासाठी जिल्हावार छोटा निधी ठेवावा. पोलीस ठाण्यांत जमा झालेली शस्त्रे नष्ट करण्यापूर्वी जाणकाराने ती एकदा पाहावीत. आणि स्थानिक संस्थांच्या पाठीशी समाजाने उभे राहावे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी धुळ्यात देह ठेवल्यावर १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, ते लोकांच्या बळावर. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह शासनाच्या स्वाधीन केला, म्हणूनच पुण्याचे केळकर संग्रहालय आज सर्वांचे आहे. प्रत्येकाला असे दान परवडणार नाही, हे मान्य. म्हणूनच घेणाऱ्या संस्थेने रास्त मोल द्यावे आणि ते उभे करण्यासाठी गावातील सधन मंडळींनी हात पुढे करावा.

आप्पांना मी एवढेच सांगितले : "त्या माणसाला नाही म्हणा. रायफल विक्रेत्याकडे द्या, दुनळीसाठी मुलाचा अर्ज करा आणि बाकीच्यांची छायाचित्रे काढून कागदांसह यादी करा. धुळ्याला मंडळात आपण मिळून जाऊ." त्यांनी यादी लिहायला घेतली आहे. पुढच्या दसऱ्याला पाटावर काय असेल ते सांगता येत नाही. पण जे तेथे नसेल, ते कोठे गेले हे नातवंडांना सांगता यावे, एवढी तजवीज तरी आपल्या हाती आहे.