श्रद्धेचा पुरावा

नारायण पेठेत न्यायमूर्ती दिनशा दावर हे नाव एकाच कारणाने लक्षात राहिले आहे. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली. केसरीवाड्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. त्याआधी, १८९७ च्या खटल्यात, हेच दावर टिळकांच्या बाजूने उभे होते आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे अर्ज करून त्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. टिळकांच्या शिक्षेच्या आदल्या वर्षी दावरांनी दिलेला एक निकाल तर आपल्या व्यवसायातही फारसा कोणी वाचत नाही. धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याला वाहिलेल्या या अंकाची सुरुवात आम्हाला त्याच निकालापासून करायची आहे.

खटला होता जमशेटजी विरुद्ध सूनाबाई, साल १९०७. एका पारशी गृहस्थाने मृत्युपत्रात मुक्ताद आणि तशा इतर विधींसाठी कायमचा निधी ठेवला होता. इंग्रजी न्यासकायद्याची मोजपट्टी लावली, तर मृतांसाठीच्या अशा विधींमधून सार्वजनिक हित काय साधते, हा प्रश्न उभा राही, आणि १८८७ सालच्या एका निकालाने असे न्यास अवैध ठरवलेही होते. दावर स्वतः पारशी. पण त्यांनी स्वतःच्या माहितीवर निकाल दिला नाही. या विधींनी साऱ्या समाजाचे भले होते अशी झरथुष्ट्री समाजाची श्रद्धा आहे, हे पुराव्याने सिद्ध झाले असे त्यांनी नोंदवले. एकदा ते सिद्ध झाले की ऐहिक न्यायाधीशाने ती श्रद्धा मानली पाहिजे, तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा करत बसू नये, असे म्हणून त्यांनी न्यास वैध ठरवला.

सत्तेचाळीस वर्षांनी हाच उतारा सर्वोच्च न्यायालयात पोचला. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य, मार्च १९५४. प्रश्न आपल्या रोजच्या कायद्याचा होता: मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी दावरांचे म्हणणे उद्धृत केले आणि घटनेच्या अनुच्छेद २६(ब) खाली धर्मसंस्थांना मिळणाऱ्या संरक्षणाची व्याप्ती त्यातून कळते, असे लिहिले. देवळांसारख्या, मठांसारख्या धार्मिक संस्थांचा अपवाद न ठेवता खुद्द धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त नेमण्याची मुभा देणारी तरतूद त्या निकालात टिकली नाही. त्याच महिन्यात मुखर्जींनी मद्रासच्या शिरूर मठाचा निकाल दिला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाचा १९४३ सालचा अॅडलेडचा निकाल त्यांनी आधाराला घेतला. युद्धकाळात बंदी घातलेल्या यहोवाच्या साक्षीदारांचे ते प्रकरण. धर्म म्हणजे केवळ मनातली श्रद्धा नव्हे, आचारही त्यात येतो, हे तिथल्या मुख्य न्यायाधीशांनी मांडलेले सूत्र मुखर्जींनी उचलले. पारशांचे मुक्ताद, जैनांचा न्यास, उडुपीचा मठ आणि अॅडलेडचा एक छोटा ख्रिस्ती पंथ यांचा कायदा असा एका धाग्यात ओवला गेला. आपल्या संविधानाची पहिली चार वर्षे नुकती पुरी होत होती.

हा इतिहास अभ्यासक्रमात शिकवला जातो. मात्र शिकवताना दावरांच्या म्हणण्यातली अट गळून जाते. श्रद्धा मानायची, पण ती सिद्ध झाल्यावर. आणि सिद्ध कुठे होते? सर्वोच्च न्यायालयात तर नाहीच. ती सिद्ध होते शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात आणि सहधर्मादाय आयुक्तांपुढच्या चौकशीत, म्हणजे तुमच्या माझ्या हाताखालून जाणाऱ्या साक्षींमध्ये.

एखाद्या जुन्या देवस्थानाची फाईल डोळ्यांपुढे आणा. शेड्यूल एकचा उतारा निघतो. न्यासाचे नाव, विश्वस्तांची नावे, विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची पद्धत, उद्देश, जंगम मिळकत, स्थावर मिळकत असे रकाने. १९५२ च्या सुमारास नोंदणीची घाई होती तेव्हा कोणी तरी शाईच्या टाकाने उत्तराधिकाराच्या रकान्यात ‘वहिवाटीप्रमाणे’ एवढेच लिहून ठेवले. उद्देशाच्या रकान्यात ‘पूजाअर्चा, उत्सव वगैरे’. आज तिसऱ्या पिढीत वाद पेटतो: पाळी कोणाची, गाभाऱ्यात कोणी जायचे, उत्सवाचा मान बंद करता येतो का, विश्वस्त म्हणून बाई चालेल का. मग चेंज रिपोर्ट, कलम ५०-अ खाली स्कीमचा अर्ज, ४१-ड ची नोटीस. आणि प्रत्येक ठिकाणी मुद्दा एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: त्या ‘वहिवाटी’त नेमके काय होते? उलटतपासात गुरव सांगतो, वडील सांगायचे. तेवढ्यावर वकील समाधान मानतो आणि प्रकरण वर जाते. वर गेलेल्या प्रकरणात नवा पुरावा सहसा येत नाही. तळाशी जे नोंदले, त्यावरच पुढची सगळी घटनात्मक चर्चा उभी राहते.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर हाजी अली दर्ग्याचा निकाल काढून वाचावा. मुंबई उच्च न्यायालय, २६ ऑगस्ट २०१६. मजारीपर्यंत स्त्रियांना जाऊ द्यायचे की नाही, हा वाद. निकालात मूलभूत हक्कांची चर्चा भरपूर आहे, पण निर्णायक ठरल्या दोन साध्या गोष्टी. २०११-१२ पूर्वी स्त्रिया आत जात होत्या, हे समोर आले. आणि न्यासाच्या स्कीममध्ये लिहिलेले उद्देश कर्ज देणे, शिक्षण, वैद्यकीय मदत अशा ऐहिक स्वरूपाचे निघाले. धार्मिक आचार ठरवण्याचा अधिकार विश्वस्तांना त्या स्कीममधून मिळतच नव्हता. फार वर्षांपूर्वी कोणा वकिलाने मसुदा केलेल्या स्कीमची काही कलमे अनुच्छेद २५ आणि २६ च्या वादात अशी कामी आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यासाने सर्वोच्च न्यायालयात स्त्रियांना प्रवेश देण्याचे मान्य केले.

उलट टोकाचे उदाहरण कर्नाटकातले. मार्च २०२२ च्या हिजाब निकालात तिथल्या उच्च न्यायालयाने नोंदवले की याचिकाकर्त्यांनी उद्धृत केलेल्या वचनांचा अर्थ उलगडणारे एकाही मौलानांचे प्रतिज्ञापत्र आमच्यापुढे नाही. त्या निकालाशी कोणी सहमत असो वा नसो (सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत त्याच वर्षी ऑक्टोबरात फुटले), हे निरीक्षण प्रत्येक वकिलाने आपल्या टेबलासमोर लावून ठेवावे असे आहे. साऱ्या देशाचे लक्ष लागलेल्या प्रकरणात श्रद्धेचा पुरावाच अपुरा राहिला.

पुरावा नीट मांडला गेल्याचे उदाहरण परदेशातले. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली घटना न्यायालयापुढे एका दक्षिण भारतीय वंशाच्या शाळकरी मुलीची चमकी आली होती. डर्बनच्या शाळेचा नियम होता, कानातले चालेल, नाकातले नाही. आईने शाळेला कारण सांगितले: मुलगी वयात आली की नाक टोचायची आमच्या घरची रीत आहे, आणि सोळावे लागले की आजी ही सोन्याची काढून हिऱ्याची घालणार आहे, तो आशीर्वादाचा विधी आहे. तज्ज्ञाची साक्षही झाली. चमकी हिंदू धर्मात बंधनकारक नाही, हे न्यायालयाने मान्य केले आणि तरीही संरक्षण दिले. मनापासून आणि स्वेच्छेने पाळलेला आचारही माणसाच्या ओळखीचा भाग असतो, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे ‘धर्माचा अत्यावश्यक भाग’ ही कसोटी लावली असती तर ती मुलगी हरली असती. आम्हाला आफ्रिकी न्यायालयाची दृष्टी अधिक न्याय्य वाटते. आपल्या कसोटीचे मूळ डॉ. आंबेडकरांच्या २ डिसेंबर १९४८ च्या भाषणापर्यंत नेले जाते, पण त्यांचा रोख वेगळा होता. जन्मापासून मरणापर्यंतचे सगळे व्यवहार धर्माच्या नावाखाली येऊ नयेत, वारसा-विवाहाचे कायदे सुधारायला वाट राहावी, ही त्यांची चिंता होती. एखाद्या व्यक्तीची साधी, निरुपद्रवी उपासना धर्मग्रंथाच्या तराजूत घालून नाकारावी, हे त्यात नव्हते.

दावरांच्या सूत्रालाही एक धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. समाजाची श्रद्धा न्यायालयाने मानायची, पण समाजाच्या वतीने बोलणार कोण? १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे, टिळक आणि इतरांवर ग्रामण्य झाले, शंकराचार्यांच्या वतीने चौकशी बसली. टिळकांसारख्या माणसाच्या घरच्या कार्यालाही भिक्षुक मिळणे मुश्किल झाले होते. त्या वेळी ‘समाज’ म्हणजे बहिष्कार घालणारे. पुढे १९४९ साली मुंबई राज्याने जातिबहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. तो १९६२ साली दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. मुख्य न्यायमूर्ती भुवनेश्वरप्रसाद सिन्हा एकटे विरोधात राहिले. ती याचिका थेट अनुच्छेद ३२ खाली होती, म्हणजे प्रतिज्ञापत्रांवर चाललेली. बहिष्कृत माणसाचे काय होते, त्याचे लग्न, त्याचे दफन, त्याचा रोजगार यांचे काय होते, हे साक्षीपुराव्याने उलगडण्याची संधीच तिथे नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा प्रश्न पुन्हा नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा केला, जो जुलै २०१७ पासून अमलात आहे. त्याखाली गुन्हा दाखल करताना पंचायतीचा ठराव, दंडाची पावती, वाळीत टाकलेल्या घराच्या शेजाऱ्याची साक्ष एवढे जमवले नाही तर हा कायदाही कागदावरच राहील. श्रद्धेचा पुरावा गोळा करताना तिचे चटके बसलेल्या माणसाचा पुरावा त्याच फाईलमध्ये आला पाहिजे, हा आमचा आग्रह आहे. धर्मच नको म्हणणाऱ्याचाही. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात ‘मला कोणताही धर्म नाही’ असे सांगण्याचा हक्क येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

मग करायचे काय? पुराव्याच्या कायद्यात साधन तयार आहे. जुन्या साक्ष कायद्याचे कलम ४९ धार्मिक संस्थेची घटना, कारभार आणि एखाद्या समुदायाच्या रूढी-मते यांविषयी विशेष माहिती असणाऱ्याचे मत संबद्ध मानत होते. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद आहे. आपण ती किती वापरतो? पुण्यात पेशवे दफ्तर आहे. देवस्थानांच्या सनदा, इनामांच्या चौकशा, नेमणुकांचे कागद मोडीत तिथे पडून आहेत. मोडी वाचणारे आहेत, धर्मशास्त्र जाणणारे आहेत. महामहोपाध्याय काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास इथल्याच भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. ते स्वतः उच्च न्यायालयात वकिली करत. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे काम उभे केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी १९३२ मध्ये अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींना येरवड्यात शास्त्रार्थ सांगितला. हे विद्वान आणि वकील एका टेबलाशी बसण्याची परंपरा या शहरात होती. ती आता सत्कार-समारंभांपुरती उरली आहे.

दुसऱ्या बाजूला विद्यापीठे. मित्रा शराफी यांनी पारशांच्या कायदेव्यवहारावर २०१४ साली लिहिलेले पुस्तक मुंबईच्या न्यायालयीन दफ्तरांच्या आधाराने उभे राहिले. त्यातून जगाला कळले की वसाहतकाळातल्या एका छोट्या समाजाने स्वतःचा कायदा न्यायालयात कसा घडवला. ते काम अमेरिकेतल्या विद्यापीठातून झाले, याचे दुःख नाही. तसे काम गुरवांच्या पाळ्यांवर, दर्ग्यांच्या मुजावरांवर, कोकणातल्या बेने इस्रायलांच्या सिनगॉगवर, मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या वादांवर इथे होत नाही, याचे दुःख आहे. आपल्या विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यात देऊळ, मठ, चर्च, सिनगॉग, अग्यारी एकाच व्याख्येत येतात. इतक्या धर्मांचे वाद इतकी वर्षे एकाच कार्यालयाच्या कपाटांत साठलेले असे दफ्तर जगात दुसरीकडे शोधावे लागेल. मलेशियाच्या फेडरल कोर्टाने २००६ मध्ये शाळकरी मुलांच्या सरबानच्या (पागोट्याच्या) प्रश्नात भारतीय निकालांचा ऊहापोह केला. परदेशी न्यायाधीश आपल्याला वाचतात. पण त्यांच्या हाती पोचतात ते वरच्या न्यायालयांचे निकाल, इंग्रजीत. खालची मराठी साक्ष कोणाच्याच हाती पोचत नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आपण १९७९ साली सामील झालो. त्याचे अनुच्छेद १८ आपल्या युक्तिवादात क्वचित येते, आणि येते तेव्हा शेवटच्या परिच्छेदात शोभेसाठी.

पुढील अंकापासून आम्ही एक सदर सुरू करत आहोत. धर्मादाय कार्यालयात किंवा दिवाणी न्यायालयात चाललेल्या, निकाली निघालेल्या प्रकरणांतला पुरावा त्यात मांडला जाईल: कोणता कागद दाखल झाला, कोणत्या साक्षीदाराला काय विचारले, न्यायाधीशांनी काय स्वीकारले आणि काय नाकारले. पक्षकारांची व गावाची नावे काढून, पक्षकाराची लेखी संमती घेऊन मजकूर पाठवावा. दोन ते चार पाने पुरेत. हरलेली प्रकरणे आधी पाठवा, कारण पुरावा कुठे तुटला हे तिथेच दिसते. मोडी कागदाचे लिप्यंतर सोबत असल्यास ते कोणी केले आणि ते न्यायालयात कसे सिद्ध केले, तेही लिहा. विधी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना विनंती अशी की पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच त्या दहा निकालांऐवजी एखाद्या तालुक्यातल्या स्कीमची फाईल द्या, आणि त्यांचे काम इंग्रजीत नेण्याची जबाबदारी आमच्यावर सोडा. अनुवाद करणारे दोन सहकारी त्यासाठी तयार आहेत. पहिल्या लेखासाठी महिनाअखेरपर्यंत मजकूर आमच्या नारायण पेठेतल्या कार्यालयात पोचावा.