ताटातला खानदानी

पुण्यात माणसाचं वजन अजून आडनाव, पेठ आणि शाळा यांवर ठरतं. 'घराणं उत्तम आहे हो,' असं म्हटलं की स्थळाचा पगार जरा कमी असला तरी खपून जातो. पण या हिशेबाला विज्ञानाचा टेकू द्यायला जावं, तर पंचाईत. माणसाकडे प्रथिनं घडवणारी जनुकं साधारण २० हजार, भाताच्या रोपाकडे ३५ हजारांच्या पुढे. म्हणजे पाटावर बसलेल्या सदाशिव पेठेपेक्षा ताटातला इंद्रायणी खानदानी!

माणसांची प्रत लावायचा उद्योग बर्लिनमध्ये मात्र फार गांभीर्याने चाले. १९२०च्या दशकाअखेरीस मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे तिथे संशोधनाला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ, आणि ते त्यांच्या कवटीच्या असमान घडणीत दिसतं, असा त्यांचा तर्क. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहून टाकलं की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. गुरुजींनी गुण देताना हात चांगलाच आखडता घेतला.

पुढे याच बाई डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या आणि पुण्यात स्कूटरवरून हिंडू लागल्या. गावाला नवल वाटलं ते बहुधा स्कूटरचंच.

कुणी म्हणेल, रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढलेली मुलगी, हुशार निघणारच! पण माहेरच्या त्या करमरकर. परांजप्यांनी त्यांना लेकीसारखं वाढवलं, पुस्तकं दिली, वाद घालू दिला. यातलं काहीही जनुकांतून आलेलं नव्हतं.