अंश, कला आणि रानवाट

सुट्टी लागली कीं घरांतील तरुण मंडळी गडकिल्ल्यांच्या वाटेस लागतात, आणि हल्लीं कित्येकांच्या सामानांत मुठींत मावणारें जी.पी.एस. यंत्र असतें. फोन असतां हा निराळा खर्च कशास, अशी वडील माणसांची पृच्छा असते. ती अगदींच गैर नव्हे. परंतु पावसांत ओल्या बोटांनीं फोनचा पडदा नीट चालत नाहीं आणि त्याची बॅटरीही लौकर उतरते. म्हणून बटणें असलेलें व साध्या दुकानांतले सेल चालणारें यंत्र घ्यावें. त्यांत होकायंत्र असावें. नसेल तर उभ्या माणसास दिशा समजत नाहीं, चार पावलें चालल्यावरच समजते. रंगीत नकाशांचा फारसा मोह नको.

उपग्रहांच्या संदेशांत अमेरिकेनें बुद्ध्याच ठेविलेली अशुद्धि मे २००० मध्यें काढून टाकिली. तेव्हांपासून उघड्या आकाशाखालीं यंत्र चुकलें तरी थोड्या मीटरांनींच चुकतें. मोठी चूक होते ती आंकडे वाचणाराची.

आपल्या नागपुरांतील झीरो माइलचा स्तंभच घ्या. त्याचा अक्षांश सुमारें २१.१५. फोनवरील नकाशे बहुधा असाच दशांश अंश देतात. कित्येक हातयंत्रें मात्र अंश आणि कला दाखवितात. पंचांग पाहणाऱ्या घरांत हें सांगावयास नकोच कीं, एका अंशाच्या कला साठ. तेव्हां ०.१५ अंश म्हणजे ९ कला, आणि स्तंभाचें स्थान २१ अंश ९ कला. तेंच कोणी घाईनें ‘एकवीस, पंधरा’ असें कळविलें व ऐकणारानें पंधरा कला धरल्या, तर सहा कलांचें अंतर पडतें. अक्षांशाची एक कला सुमारें १.८५ किलोमीटर, म्हणजे शोधावयास निघालेलीं माणसें सीताबर्डी सोडून ११ किलोमीटर उत्तरेस, कोराडीच्या अंगास जावयाचीं! शहरांत याचें हंसूं येईल. सह्याद्रींत, पावसाळी धुक्यांत, पाय मोडलेल्या सोबत्यापाशीं बसलेल्या मुलास तें यावयाचें नाहीं.

यास्तव घरच्या आजोबांनीं नातवंडांस एकदां त्या स्तंभापाशीं न्यावें आणि एकच स्थान दोन्ही रीतींनीं वहींत लिहवून घ्यावें. प्रवासास निघण्यापूर्वीं सर्वांच्या यंत्रांत एकच रीत लावावी, आणि चढणीच्या पायथ्याची खूण यंत्रांत नोंदल्याविना पाऊल टाकूं नये. प्रसंग पडून ११२ या क्रमांकावर स्थान कळवावें लागलें, तर ‘दशांश अंश’ कीं ‘अंश-कला’ हें आधीं बोलावें, मग आंकडे सांगावेत, आणि ते पलीकडच्या माणसाकडून परत म्हणवून घ्यावेत.