माप

दर आठवड्याला या सदरातून मी तुमच्याशी दळण, पाहुणे आणि लोकलची गर्दी यांविषयी बोलते. आजची गोष्ट जरा वेगळी आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा कसला विषय, असे एखाद्या आजींना वाटेल. पण आजींनीच तो आधी वाचावा.

गेल्या वर्षी परळच्या टाटा रुग्णालयात माझा डावा स्तन काढला. पुढे केमो झाली, किरणोपचार झाले. मुलुंड-परळ खेपा संपल्या, जखम भरली, आणि एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारले, “नवा करायचा का? आणि केवढा?”

केवढा! जन्मात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

बाईंनी सगळे समजावून सांगितले. काहीच करायचे नसेल तर चोळीत बसवायची गादी मिळते. बोरिवलीच्या माझ्या मैत्रिणीने तीच पत्करली आणि ती सुखात आहे. दुसरा मार्ग सिलिकॉनच्या पिशवीचा. अशी पिशवी 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टनला प्रथम बसवली. पण ती जन्मभर पुरेलच असे नाही, आणि किरण दिलेल्या जागी भोवती कठीणपणा येण्याचा धोका अधिक. तिसरा मार्ग, पोटाचे मांस-कातडे वर आणून स्तन घडवायचा. ऑपरेशन लांबलचक, जखमा दोन, आणि स्पर्श पूर्वीसारखा कळत नाही. “तुमच्या पोटावर पुरेसा ऐवज आहे,” बाई म्हणाल्या. माझ्या पोटाचे कौतुक प्रथमच झाले!

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. घाटकोपरच्या नणंदबाई म्हणाल्या, “पन्नाशी उलटली वहिनी, आता कुणासाठी?” मुलगी म्हणाली, “आई, करूनच घे.” हे म्हणाले, “तुला बरे वाटेल ते कर.” आमटीतल्या मिठावर तीस वर्षे मत देणाऱ्या माणसाला नेमके इथे मत नव्हते. रात्री मात्र हळूच म्हणाले, “तू घरी आलीस, मला तेवढे पुरे. पण सारखा पदर सावरतेस, ते बघवत नाही.”

उलगडा झाला तो शिंपीणबाईंकडे. टेप लावता लावता त्या म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या दोन्ही बाजू सारख्या कधी नव्हत्याच. वीस वर्षे मी उजवीकडे अर्धा इंच जास्त सोडतेय. आणि खांद्यावरचे हे पट्ट्यांचे खड्डे बघा!”

खरेच की. ते ओझे मी तीस वर्षे वाहिले. लोकलमध्ये छातीशी पर्स धरून उभी राहिले, रात्री खांद्याला बाम चोळला. मग जुनेच माप परत कशाला मागायचे?

डॉक्टरीणबाईंना सांगितले, “लहान करा, आणि उजवाही त्याच्या बेताचा.” त्यांनी बजावले की, चांगल्या बाजूलाही जखम होईल, आणि दोन्ही अगदी सारखे होतील याची हमी नाही. मी आठवडाभर विचार केला आणि होकार दिला.

“धडधाकट अंगाला सुरी लावायची?” नणंदबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांची भीती खोटी नाही. रात्री मलाही ती वाटते. पण खांदे माझे आहेत.

ऑपरेशन जानेवारीत आहे. यंदाच्या पाडव्याच्या साडीचे ब्लाउजचे कापड शिंपीणबाईंकडे तसेच पडून आहे. वर त्यांनी चिठ्ठी टाचली आहे: ‘माप नंतर’.