रणगाड्यात चौघं असतात

दर १६ डिसेंबरला होतं तेच गेल्या विजय दिनालाही झालं. सकाळची स्टँड-अप मीटिंग चालू असताना ऑफिसच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. तिरंगा, मागे जळता रणगाडा (तोही बहुतेक भलत्याच युद्धातला), कोपऱ्यात एका कोवळ्या चेहऱ्याच्या अधिकाऱ्याचा फोटो. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, एकट्याने पाकिस्तानचे दहा रणगाडे उडवले, भारताचा सर्वांत तरुण परमवीर, भारतीय असाल तर पुढे पाठवा. मी भारतीय असल्यामुळे लगेच पुढे पाठवला आणि अडकलेल्या बिल्डकडे वळलो.

आमच्या टीममध्ये सातारकडचा एक मुलगा आहे. वडील फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तो म्हणाला, "अरे, एकट्यानं कसं काय? सेंच्युरियनमध्ये चार जण बसतात. बाकीचे तिघं कोण होते?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर चार जण बसतात हेही माहीत नव्हतं.

मग तो अख्खा वीकेंड वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते, आणि त्यावरून बनलेलं माझं मत, इथे लिहितोय. पटलं नाही तर भांडायला या.

अरुणचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. (त्याला अहो-जाहो करावं की अरे-तुरे, यावर बराच विचार केला. पण माझ्यापेक्षा तो बारा वर्षांनी लहानच राहून गेलाय, म्हणून अरुणच म्हणतो.) आपण पावसाळ्यात खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात उभे राहतो ना, त्या पाण्याच्या पलीकडे एनडीए आहे. १९६७ साली तो तिथे दाखल झाला. आज तिथली पासिंग आऊट परेड ज्या मैदानावर होते, त्याचं नाव खेत्रपाल परेड ग्राउंड. हे नाव मी बातम्यांमध्ये कितीदा तरी ऐकलंय, आणि कोणीतरी पांढऱ्या मिशांचे जुने जनरल असतील असं धरून चाललो होतो.

१३ जून १९७१ ला तो १७ हॉर्समध्ये, म्हणजे पूना हॉर्समध्ये रुजू झाला. १६ डिसेंबरला गेला. नोकरी सहा महिने तीन दिवस. आपल्याकडे एवढ्यात प्रोबेशन संपतं.

डिसेंबरात युद्ध पेटलं तेव्हा तो अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) नव्या अधिकाऱ्यांच्या कोर्सवर होता. कोर्स अर्धवट सोडून पोरांना आपापल्या रेजिमेंटकडे पिटाळलं. वाटेत दिल्लीला घरी थांबला तेव्हा सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश होता. हे कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, लाहोरला गोल्फ खेळायचंय, आणि जिंकल्यावर मेजवानी होईल तेव्हा धड कपडे नकोत का? घरच्यांनी सांगितलेली ही आठवण आहे. मला तो सगळ्यात जास्त इथे भेटला. एकवीस वर्षांच्या पोरानं करावा असाच हा फुकाचा रुबाब.

आता लढाई. शकरगढच्या भागात बसंतर नदी ओलांडून आपल्या पायदळानं १५ डिसेंबरच्या रात्री पलीकडे पाय रोवला होता. मध्ये सुरुंगांचा पट्टा. इंजिनिअर्सची वाट साफ करणं निम्म्यावर आलं असताना पलीकडून निरोप आला की शत्रूचे रणगाडे हलताहेत. कर्नल हनुतसिंगांची पूना हॉर्स साफ न झालेल्या सुरुंगांतून तशीच पुढे गेली. सकाळी आठच्या सुमाराला धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन आले. पुढच्या स्क्वाड्रननं मदत मागितली आणि अरुणची तुकडी तिकडे धावली.

पुढचं अनेकांनी रंगवून सांगितलंय, म्हणून मी थोडक्यात सांगतो. सोबतचे रणगाडे मार लागून किंवा बिघडून थांबले. अरुणच्या रणगाड्यालाही गोळा लागला आणि आग लागली. रेडिओवर हुकूम आला, रणगाडा सोडून बाहेर पड. त्यानं कळवलं की तोफ अजून चालतेय, आणि तो तिथेच राहिला. शेवटचा पॅटन जेमतेम शंभर मीटरवर असताना त्यालाही त्यानं टिपलं. त्यानंतर बसलेल्या गोळ्यात तो गेला.

इथे मला थांबावंसं वाटतं. फॉरवर्डमध्ये हा क्षण "मौत से आँख मिलाई" छाप असतो. परमवीर चक्राचं सन्मानपत्र वाचलं तर कारण वेगळं दिसतं. शत्रूचं नुकसान झालं होतं, पण तो पुढे येतच होता. आपण रणगाडा सोडला तर नेमकी इथेच फळी फुटणार, हे अरुणला कळलं म्हणून तो थांबला, असं त्यात आहे. म्हणजे हा हिशोब होता. आगीच्या भट्टीत बसून, काही सेकंदांत, एका नवशिक्यानं केलेला, आणि बरोबर आलेला. पॅटन फळी फोडू शकले नाहीत. मस्तकात गेलेल्या माणसाचं शौर्य समजायला सोपं असतं. डोकं ठिकाणावर ठेवून थांबलेल्या माणसाचं मला जास्त भीतीदायक वाटतं, कारण त्याला काय होणार हे माहीत असतं. फॉरवर्ड लिहिणारे त्याचं डोकं काढून घेतात आणि फक्त छाती ठेवतात. माझा खरा राग यावर आहे.

आकड्यांचंही तेच. सन्मानपत्रात नोंद आहे की त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे गारद झाले, त्यातले चार अरुणनं. चार! हा आकडा कमी वाटला म्हणून कोणीतरी दहाचे दहा त्याच्या नावावर केले. बाकीचे सहा कोणी मारले, ते लोक कुठे गेले? "सर्वांत तरुण परमवीर" हे १९९९ पर्यंत खरं होतं. कारगिलनंतर ते योगेंद्रसिंह यादव यांना लागू होतं, वय १९. खोट्या आकड्याची अरुणला गरज नव्हती, ती आपल्याला आहे. त्याशिवाय आपला अंगठा शेअरच्या बटणापर्यंत पोचत नाही.

आणि हो, बाकीचे तिघं. रणगाड्याचं नाव ‘फामागुस्ता’. चालक सवार प्रयागसिंग, तोफेवर सवार नथूसिंग, रेडिओवर सवार नंदसिंग. प्रयागसिंग आणि नथूसिंग वाचले. नंदसिंग त्याच रणगाड्यात, त्याच सकाळी गेला. अरुणनं टिपला असं आपण म्हणतो त्या प्रत्येक पॅटनवर नथूसिंगचा डोळा आणि हात होता. मला वाटतं, "एकट्यानं" हा शब्द अरुणला पहिल्यांदा खटकला असता.

त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. पश्चिमेला दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला संध्याकाळी, युद्ध थांबलं. दिल्लीत घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आता पोरगं येईल म्हणून. काही दिवसांनी तार आली. तारेत विशेषणं नसतात.

पुढे सिमला करारानंतर शकरगढची जमीन परत गेली. म्हणजे अरुण जिथे पडला तिथे जाऊन आपल्याला फूल वाहता येत नाही. वडील ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल मात्र २००१ मध्ये सीमेपलीकडे गेले. वय ८१. त्यांचं जन्मगाव सरगोधा एकदा पाहायचं होतं. लाहोरला त्यांचा पाहुणचार करायला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर नावाचे निवृत्त अधिकारी पुढे आले. घरी ठेवून घेतलं, हवं नको पाहिलं. आणि निघायच्या आदल्या रात्री त्यांनी सांगितलं की १९७१ मध्ये आपण १३ लान्सर्समध्ये मेजर होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. हेही सांगितलं की तो शेवटपर्यंत फार धैर्यानं लढला. मुलाला लाहोरला गोल्फ खेळायचं होतं. तीस वर्षांनी बाप लाहोरात त्याला मारणाऱ्याच्या घरी बसून हे ऐकत होता.

श्रीराम राघवन यांच्या ‘इक्कीस’ सिनेमामुळे अरुण आता बऱ्याच जणांना माहीत झालाय, चांगलंच आहे. पण पाकिस्तानी अधिकाऱ्याचा हा भाग ग्रुपवर टाकून पाहा. मी टाकला. दोन अंगठे आले आणि एकानं विचारलं, "हे आत्ता कशाला?" का बरं नको? त्याच बसंतरच्या लढाईत, १७ डिसेंबरला, पाकिस्तानचे लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा आपल्या ३ ग्रेनेडिअर्सवर चाल करून येताना पडले. ग्रेनेडिअर्सचे कर्नल वेदप्रकाश एअरी यांनी त्यांच्या शौर्याची लेखी नोंद करून पलीकडे पाठवली. पाकिस्ताननं राजांना हिलाल-ए-जुर्रत दिलं. प्रत्यक्ष गोळ्या झेलणाऱ्यांना समोरच्याचं मोठेपण मान्य करताना देशभक्ती कमी झाल्यासारखं वाटलं नाही. ते आपल्याला एसीत बसून वाटतं.

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, हे आपल्याकडे थट्टेनं म्हणतात. थट्टा माझ्याही घरापर्यंत येते. अकरावीत मी एनडीएचा फॉर्म आणला होता. बाबांनी तो न बोलता कपाटावर ठेवला आणि म्हणाले, आधी सीईटीचं बघ. मी पाहिलं सीईटीचं. खोटं कशाला बोलू, फॉर्म पुन्हा मागितलाही नाही.

रविवारी रात्री घरी फोन केला तेव्हा सहज विचारलं, "बाबा, तो फॉर्म आठवतो का?"

"आठवतो की. रद्दीत नाही दिला. माळ्यावरच्या पेटीत असेल." मग जरा थांबून म्हणाले, "नाही भरलास ते बरं झालं."

मी त्यांना ब्रिगेडियर खेत्रपालांच्या लाहोरच्या रात्रीबद्दल सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

सोमवारी डब्याच्या वेळी सातारकराला तीन नावं सांगितली. त्यानं ती ऐकून घेतली, घास खाली ठेवला आणि नंदसिंगचं नाव एकदा स्वतःशीच म्हटलं.