मोळी हिशेबात, मोळीवाली हिशेबाबाहेर

अर्थशास्त्रात ‘फुकट’ या शब्दाइतका फसवा शब्द दुसरा नाही, हे मी तीस-बत्तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. मला स्वतःला मात्र त्याचा खरा अर्थ निवृत्तीनंतर, वयाच्या पासष्टीत, एका चुलीने शिकविला.

पुण्याचे बिऱ्हाड आवरून मी सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या वडिलोपार्जित घरात राहावयास आलो. माळ्यावर पडलेला आजोबांचा तांब्याचा बंब डाग लावून घेतला. स्वयंपाकघरात धुराड्याची सुधारित चूल बसविली. सरपण विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. रानाच्या कडेला वाळलेल्या फांद्या पडलेल्याच असतात. त्या उचलावयाच्या आणि आणावयाच्या, एवढेच! नवशिक्याच्या हातून होणाऱ्या सर्व चुका मग माझ्या हातून झाल्या. ओली लाकडे घातली, तेव्हा बंब तासभर धुमसत राहिला आणि पाणी कोमटच राहिले. पांगारा आणि सावर हौसेने गोळा केली, तर ती कागदासारखी जळून गेली. निखारा धरते ती बाभूळ, हे नंतर कळले. जुन्या कपाटाचे प्लायवूड जाळून पाहिले आणि दोन दिवस घसा धरला. उघड्या जमिनीवर रचलेला ढीग वाळवीने पोखरला. उन्हाळ्यात फोडून, वाळवून, पहिल्या पावसापूर्वी फळ्यांवर रचून ठेवील त्याचीच चूल श्रावणात पेटते, हे मला शिकविले ते शेजारच्या वाडीतील एका ठाकर बाईने. ती मला ‘सर’ म्हणते, मी तिला ‘ताई’ म्हणतो. तिचे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नाही आणि त्याचे मानधनही तिला कोणी दिलेले नाही.

एके दिवशी रस्त्याकडेच्या राखीव जंगलातून मी मोटारीच्या डिकीत फांद्या भरीत होतो. एक वनरक्षक तेथे आला. त्याने मला नमस्कार केला, ‘प्राध्यापकसाहेब, तुम्ही कशाला त्रास घेता?’ असे म्हणत एक जड ओंडका स्वतः उचलून दिला आणि तो निघून गेला. दोनच दिवसांनी त्याच वाटेवर त्याच वनरक्षकाने ताईंची मोळी खाली टाकावयास लावली आणि त्यांचा कोयता काढून घेतला. मोळीत एकही हिरवी काडी नव्हती. संध्याकाळी त्या आमच्या पडवीत आल्या, रचलेल्या ढिगाकडे पाहून म्हणाल्या, “सर, तुम्हाला कुणी काही बोललं नाही?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी गप्प राहिलो, याची लाज आजही वाटते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम कायदा पाहू. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींना आणि अन्य पारंपरिक वननिवासींना निस्तार हक्क मान्य केला आणि गौण वनोपजावर मालकी दिली. गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २००८ च्या नियमांत वनोपज डोईवरून, सायकलवरून, हातगाडीवरून नेण्याची तरतूद होती; २०१२ च्या दुरुस्तीने ती अधिक विस्तारली. म्हणजे काडीकाटकी गोळा करण्याचा हा हक्क ताईंच्या समाजाला आहे. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाला नाही. तरीही जेथे हक्क आहे तेथे जप्ती झाली आणि जेथे हक्क नाही तेथे नमस्कार झाला! यात त्या एका वनरक्षकाचा दोष पाहून थांबणे सोपे आहे. परंतु १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी रयतेला तिच्याच रानात चोर ठरविण्याची जी सवय शासनयंत्रणेला लावली, ती एका नव्या कायद्याने सुटलेली नाही, हे खरे दुखणे आहे.

ही सवय केवळ आपल्याकडची नव्हे. ऱ्हाईन प्रांताच्या विधानसभेत पडलेली लाकडे उचलण्यालाही चोरी ठरविणाऱ्या कायद्याची चर्चा झाली, तेव्हा चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने १८४२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘ऱ्हाईनिश त्साइटुंग’मध्ये त्यावर लेखमाला लिहिली. झाड तोडणे आणि झाडाने स्वतः टाकलेली फांदी उचलणे यांतील फरक पुसला की गरिबाचा परंपरागत हक्क गुन्हा बनतो, हा तिचा गाभा होता. तक्रार करणारा वनरक्षकच चोरीच्या मालाची किंमतही ठरविणार, या तरतुदीवर त्याने कोरडे ओढले. आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम वळलो ते याच वादामुळे, असे त्याने १८५९ मध्ये नमूद करून ठेवले आहे. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर आसूड ओढला तो १८८३ साली. आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तेव्हा माणसे धारातीर्थी पडली ती रानावरच्या हक्कासाठीच. इतक्या मोठ्या वारशाचे आपण वारसदार. पण मोळीचा प्रश्न आपल्या ठरावांत कितीदा आला?

आता हिशेबाकडे वळतो, कारण माझा व्यवसाय तोच. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीनुसार (१९९३ आणि २००८) स्वतःच्या घरासाठी गोळा केलेले सरपण हे उत्पादन आहे. आपल्या राष्ट्रीय उत्पन्नातही वनक्षेत्राच्या रकमेत जळाऊ लाकडाचे अंदाजित मूल्य धरले जाते. म्हणजे ताईंची मोळी देशाच्या उत्पन्नात जमा आहे. परंतु ती आणणाऱ्या ताई कोठे आहेत? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक प्रश्नावलीत ‘९३’ हा संकेतांक दशकानुदशके चालत आला. घरकाम करून शिवाय भाजी, कंदमुळे, सरपण, गुरांचा चारा यांचे ‘फुकट संकलन’ करणारी व्यक्ती, असा त्याचा अर्थ. आणि या संकेतांकाखाली नोंदलेली व्यक्ती श्रमशक्तीच्या बाहेर धरली जाते. वस्तू उत्पन्नात धरावयाची आणि ती निर्माण करणारे श्रम मात्र श्रमात धरावयाचे नाहीत, यापेक्षा मोठा विपर्यास तो कोणता? आणि मग आमचेच अर्थपंडित सभा-संमेलनांतून विचारतात की ग्रामीण स्त्रिया काम का करीत नाहीत!

आमच्या वाडीपुरता साधा हिशेब मांडतो. जाणे-येणे, तोडणे, बांधणे मिळून एका मोळीला चार तास. आठवड्याला तीन मोळ्या. वर्षातले पन्नास आठवडे धरले तरी सहाशे तास होतात, म्हणजे आठ तासांचे पंचाहत्तर दिवस! धुरात खोकण्याचे तास यात धरलेले नाहीत. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या या राज्यात एका बाईचे वर्षाकाठी पंचाहत्तर दिवस कोणत्याही मस्टरवर न चढता जातात.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, या मोळ्यांनीच जंगले संपली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून कर्नाटकातील पुरा आदी गावांचा अभ्यास केला. तेथील सरपण म्हणजे प्रामुख्याने काटक्या आणि वाळलेल्या फांद्या, हे त्यातून दिसले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागाची आणि सालाची जंगले कोणी उतरविली, ठेकेदारांचे ट्रक कोणाच्या परवान्याने गेले, हे ठाऊक असूनही डोईवरच्या मोळीकडे बोट दाखविणे ही बौद्धिक अप्रामाणिकता आहे. शहराजवळच्या उजाड टेकड्यांवर विक्रीसाठी होणारी तोड वेगळी आणि तिचा विचार जरूर व्हावा. पण त्या निमित्ताने घरच्या चुलीला आरोपी करू नये.

दुसरा आक्षेप गॅसचा. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, मग लाकडे कशाला? गॅस मिळाला हे चांगलेच झाले. धुरातून सुटणाऱ्या प्रत्येक बाईचा मला आनंद आहे. परंतु जोडणी दिली म्हणजे इंधन दिले असे नव्हे. २०१९-२० साली उज्ज्वलाच्या लाभार्थींनी घेतलेल्या सिलिंडरांची सरासरी वर्षाला तीनच्या आसपास होती. आणि पाच माणसांच्या घराला एक सिलिंडर महिना-दीड महिनाच पुरतो. उरलेल्या महिन्यांची चूल कशावर पेटते? शासनालाही हे ठाऊक आहे. एरवी २०२२ आणि २०२३ मध्ये अनुदानाची, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात वर्षाला तीन मोफत सिलिंडरांची घोषणा करण्याची वेळ का आली असती? हाती रोख मजुरी नसेल तर बाई पैशाऐवजी स्वतःचे तास मोजते. तिचे श्रम हिशेबात शून्य धरल्यामुळेच सरपण ‘स्वस्त’ आणि गॅस ‘महाग’ ठरतो.

मित्रहो, आपल्या चळवळीलाही दोष घेतला पाहिजे. मजुरी मिळते तोच मजूर, ही मालकाची व्याख्या आपणही मुकाट्याने स्वीकारली. २०१३ मध्ये जिनिव्हाच्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने अशा संकलनाला ‘काम’ म्हणून मान्यता दिली. ‘रोजगार’ म्हणून मात्र नाही. आपण तेवढेही केले नाही.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरावा. सरपण, चारा आणि पाणी आणणाऱ्या स्त्रियांची मोजदाद श्रमशक्तीच्या आकड्यांबरोबरच, त्यांच्या शेजारच्या रकान्यात, दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. गरीब कुटुंबाला वर्षभराचे इंधन परवडेल अशाच दराने सिलिंडर मिळावा. आणि ज्या वाड्यांचे सामूहिक वनहक्काचे दावे अद्याप दाखल झालेले नाहीत, ते दाखल करण्याचे काम पक्षशाखांनी अंगावर घ्यावे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा जंगल राखूनही वापरू शकते हे त्या गावाने दाखवून दिले. यासाठी मोठा खर्च लागत नाही. गावातील वृद्धांची लेखी जबानीही कायद्याने पुरावा आहे.

आमच्या वाडीचा दावा आम्ही लिहावयास घेतला आहे. पहिली जबानी ताईंच्या सासूबाईंची आहे. कोणत्या ओढ्यापासून कोणत्या कड्यापर्यंत त्यांनी आणि त्यांच्या आईने मोळ्या आणल्या, हे त्या सांगतात आणि मी लिहून घेतो. ग्रामसभेपुढे हा दावा जाईल तेव्हा कोयत्याचाही प्रश्न निघेल. आणि या वेळी मी गप्प राहणार नाही.